कोणता भाग सगळ्यांत चांगला?

(यवत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृती व्याख्यानाचा विषय भारदस्त असावा असा संकेत आहे. शेती, सहकार, संतवाङ्मय, संविधान हे विषय अशा व्यासपीठाला शोभतात. मी मात्र आज टीव्हीवरच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा घेऊन उभा आहे. त्यातही त्या पाहणारे लोक आपसांत जो वाद घालतात, तेवढाच घेतला आहे: अमुक मालिकेचा सगळ्यांत चांगला भाग कोणता? परदेशात हा वाद गेली साठ वर्षं हिरिरीने चालू आहे आणि त्यावर पुस्तकंही निघाली आहेत. आपल्याकडे तो जवळजवळ ऐकूच येत नाही. मराठी माणसाला वाद घालता येत नाही असं कोणी म्हणणार नाही, तेव्हा कारण दुसरं असलं पाहिजे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल त्याला शेवटपर्यंत ताटकळायला नको. हा वाद ही खरीखुरी समीक्षा आहे. पण तो घालायचा तर मालिकेत ‘भाग’ असावा लागतो. ज्याचा आरंभ त्याचा, पेच त्याचा आणि शेवटही त्याचाच, असा भाग. आमच्या रोजच्या मालिकांनी नेमका तोच घालवला. प्रेक्षकाची जीभ शाबूत राहिली, पण तिला बोलायला वस्तूच उरली नाही.

सुरुवात वेताळापासून करतो, कारण या वादाचा मूळपुरुष तोच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत आणि मराठीत त्या ‘वेताळपंचविशी’ म्हणून घरोघरी पोचल्या. १९८५ मध्ये रामानंद सागर यांनी दूरदर्शनसाठी त्यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका केली. अरुण गोविल राजा आणि सज्जन वेताळ. तिची बांधणी पाहा. दर खेपेला राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ एक पुरी गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे गोष्ट संपल्यावर श्रोत्याने निवाडा केलाच पाहिजे आणि कारणासह केला पाहिजे, ही सक्ती त्या रचनेतच आहे. मेलेल्या मुलीच्या तीन प्रियकरांची गोष्ट आठवा. एकाने तिच्या अस्थी गंगेला नेल्या, एक तिच्या राखेवर निजून राहिला, एकाने मंत्र आणून तिला उठवलं. मुलगी कोणाची? राजा म्हणतो, अस्थी नेणाऱ्याने मुलाचं काम केलं, जीव देणाऱ्याने बापाचं. राखेवर निजला तो नवरा. हे उत्तर एखाद्याला पटणार नाही, पण ‘मला आपलं असं वाटतं’ एवढ्यावर राजाने वेताळाला वाटेला लावलेलं नाही. त्याने कसोटी सांगितली.

पंचविसांतली उत्तम कोणती, याचाही निकाल लोकांनी आपल्या परीने लावलेला आहे. शिरं बदललेल्या दोन पुरुषांची कथा जर्मनीच्या टॉमस मानने उचलली आणि १९४० मध्ये तिच्यावर लघुकादंबरी लिहिली. त्याच कथेवरून गिरीश कार्नाडांचं ‘हयवदन’ १९७१ मध्ये आलं. बाईचा नवरा कोण, हा प्रश्न राजाने ‘शिर प्रधान’ म्हणून मिटवला होता. या दोघांना तो मिटलेला वाटला नाही. बाकीच्या कित्येक कथा गोड आहेत, चतुर आहेत, पण राजाने उत्तर दिलं की त्या बंद होतात. ही उघडी राहिली, म्हणून ती पुनःपुन्हा निवडली गेली.

आता हा धागा घेऊन अमेरिकेत जाऊ. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली, १९६९ मध्ये बंद पडली. एकूण ७९ भाग. आपल्याकडे दूरदर्शनवरही ती १९८०च्या दशकात दिसली. विज्ञानकथांसाठी ह्यूगो नावाचा पुरस्कार आहे. तो मतदानाने देतात आणि मतदार असतात विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः वाचक आणि प्रेक्षक. १९६८ साली नाट्यविभागात पाच नामांकनं होती आणि पाचही स्टार ट्रेकचे निरनिराळे भाग होते. म्हणजे त्या वर्षी मतदारांपुढे प्रश्न एवढाच होता: या मालिकेचा सर्वोत्तम भाग कोणता? जिंकला तो हार्लन एलिसनच्या नावावरचा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. त्याची कथा अशी: यानाचा वैद्य भूतकाळात जातो, काहीतरी करतो आणि भविष्य पुसलं जातं. कप्तान कर्क त्याच्यामागे १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो. तिथे गोरगरिबांना जेवू घालणाऱ्या एका शांततावादी स्त्रीवर त्याचं मन जडतं. मग कळतं की ती अपघातात मेली तरच इतिहास ठरल्या वाटेने जाईल. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. शेवटी गाडी येते, वैद्य तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्यालाच धरून ठेवतो. पन्नास मिनिटांचा खेळ आहे. त्यातलं यान, किरण, परग्रह सगळं बाजूला काढलं तरी पेच उरतोच.

यात एक गंमत आहे आणि ती माझ्या मुद्द्याच्या उपयोगाची आहे. एलिसनची मूळ संहिता निर्मात्यांनी बरीच बदलली होती आणि त्यावरून त्याने जन्मभर भांडण केलं. ह्यूगो मिळाला तो पडद्यावर दिसलेल्या भागाला. त्याच सुमारास पटकथालेखकांच्या संघटनेनेही पुरस्कार दिला, तो मात्र एलिसनच्या मूळ संहितेला. एकाच भागाची दोन रूपं आणि दोन वेगळ्या मंडळींनी दोन्ही उत्तम ठरवली. यावरून कोणी म्हणेल, पाहा, उत्तम-बित्तम काही नसतं, ज्याची त्याची आवड. मला उलट दिसतं. लेखकांनी लेखन पाहिलं, प्रेक्षकांनी प्रयोग पाहिला. कसोट्या वेगळ्या होत्या म्हणून निकाल वेगळे लागले, आणि दोघांनाही आपली कसोटी सांगता आली असती. आवड ज्याची त्याची असते हे खरं. पण आवडीचं कारण बोलून दाखवलं की ते चारचौघांचं होतं, त्याला उत्तर देता येतं. लोक वाद घालतात तो या दुसऱ्या वस्तूवर, पहिलीवर नव्हे.

कर्कचा पेच मराठी वाचकाला परका नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून निघून गेली, आणि तेवढ्यावरून मराठे जिंकलेला एक निराळाच हिंदुस्थान गंगाधरपंतांच्या समोर येतो. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, तेव्हा समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी काहींनी ती परीक्षेसाठी तरी वाचली असेल. दोन्ही कथांत अशक्य गोष्ट एकच मान्य करायची आहे, की इतिहासाला फाटा फुटू शकतो. ती एकदा मान्य केली की पुढे लेखकाला मनमानी करता येत नाही. नारळीकरांचा विज्ञानकथेबाबतचा आग्रह हाच होता, की विज्ञान हा कथेचा दागिना नसावा, तो तिचा कणा असावा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नाव झाकून कथा पारखली गेली, हे मला त्या बक्षिसाइतकंच महत्त्वाचं वाटतं. चांगल्या भागाची पारखही अशीच व्हावी, नट-नट्या आणि वाहिनी झाकून.

मग कसोटी काय? माझी सांगतो, तुमची वेगळी असेल तर उत्तमच. अद्भुत एकदाच मागावं आणि त्याचा पुरता हिशोब द्यावा. ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’ १९६३ मध्ये सुरू झाली. तिच्या चांगल्या भागांची चर्चा निघाली की २००७ सालच्या ‘ब्लिंक’चं नाव हटकून येतं. त्याची अट एका वाक्याची आहे: दगडी पुतळे आहेत, तुम्ही पाहत असाल तोवर ते हलत नाहीत, पापणी लवली की पुढे सरकतात. पुढचं सगळं त्या अटीतून आलेलं आहे. कथानायक डॉक्टर त्या भागात फारसा दिसतही नाही, म्हणजे आवडत्या नटाच्या पुण्याईवर तो तरलेला नाही. दुसरा भाग १९९२ सालचा, ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या पिढीच्या मालिकेतला, ‘द इनर लाइट’. कप्तान पिकार्ड पंचवीस मिनिटं बेशुद्ध पडतो आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या ग्रहावरच्या दुष्काळी गावात सगळा जन्म काढतो. बायको, मुलं, नातवंडं, बासरी, दर साली कमी होणारं पाणी. शुद्धीवर आल्यावर कळतं की ते जग हजार वर्षांपूर्वीच जळून गेलं आहे. ज्यांनी ‘योगवासिष्ठा’तली गाधी ब्राह्मणाची कथा ऐकली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. गाधी पाण्यात बुडी मारतो आणि डोकं वर काढेपर्यंत एक सबंध जन्म भोगून येतो. अमेरिकेच्या लेखकांनी ती वाचली होती असं मी म्हणत नाही, तशी गरजही नाही. वसिष्ठाला ती कथा माया समजावण्यासाठी लागते. ‘इनर लाइट’ म्हणतो, तो जन्म भास असला तरी ती बासरी पिकार्डला खरोखर वाजवता येते. माझ्या मते हा भाग ‘सिटी’पेक्षा वरचा आहे, कारण इथे खलनायक नाही, गाडी नाही, धावपळ नाही, तरी घसा दाटून येतो. भरताने नाट्यशास्त्रात अद्भुताचा स्थायीभाव विस्मय सांगितला आणि नाटकाच्या निर्वहणात, म्हणजे शेवटाच्या बांधणीत, अद्भुताला जागा दिली. या भागांत विस्मय शेवटीच पिकतो. आमच्या मालिकांत तो जाहिरातीआधी येतो.

तर आता आमच्या मालिका. अद्भुत आणि गूढ यांचं मराठी टीव्हीला वावडं नाही. ‘असंभव’ २००७ मध्ये आली, पुनर्जन्म आणि वाड्याचं गूढ घेऊन. पाठोपाठ ‘अग्निहोत्र’ आली. ‘जय मल्हार’ २०१४ ते २०१७ चालली. तिचा देव इथून जवळचा, जेजुरीचा. ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१६, २०१९ आणि २०२१ अशी तीन पर्वं केली. यातल्या ‘असंभव’ची लेखन-दिग्दर्शनाची पकड मला आजही पक्की वाटते आणि हिशोब देण्याच्या कसोटीवर ती बाकीच्यांच्या पुढे आहे. पण या मालिकांच्या चाहत्याला विचारा, सर्वोत्तम भाग कोणता? तो ‘रात्रीस खेळ चाले’तल्या अण्णा नाईकांची नजर सांगेल, शेवंताचं चालणं सांगेल, म्हाळसा खरी की बाणाई खरी यावर तावातावाने बोलेल, शीर्षकगीत गुणगुणेल. भाग मात्र त्याला सांगता येणार नाही, कारण भागाला नावच नाही. तारीख आहे. आठवड्याचे पाच-सहा दिवस, अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता उरतील तेवढी मिनिटं, शेवटी विस्फारलेले डोळे आणि ढोलाचा ठोका. एका दिवसाचा तुकडा दुसऱ्या दिवशीच्या तुकड्याला जोडलेला, आणि दोघांपैकी कोणीच स्वतःच्या पायावर उभा नाही. पात्रं जोरकस, नट कसलेले, नेपथ्य देखणं, आणि तरी निवाडा करायला हातात काही येत नाही. वेताळ गोष्ट अर्धवट टाकून रोज झाडावर जाऊन बसला, तर राजाने काय करावं?

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. मालिका ही एकच दीर्घकथा असते. तिचा एक भाग वेगळा काढून ‘हा उत्तम’ म्हणणं म्हणजे नदीतलं एक तांब्या पाणी निवडण्यासारखं. याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. महाभारतापेक्षा दीर्घ कथा कोणती? तरी नारदीय कीर्तनकार उत्तररंगात कीचकवध किंवा द्रौपदीवस्त्रहरण असं एकच आख्यान घेतो आणि एका बैठकीत पुरं करतो. ज्ञानेश्वरी अखंडच आहे, तरी वारकरी नवव्या अध्यायाला विशेष मान देतात. जागरणात वाघ्या-मुरळी मल्हारीचं सगळं चरित्र एका रात्रीत सांगत नाहीत. बाणाईचं लग्न लावायचं तर ते लागतं, पहाट होते, मंडळी उठतात. त्या रात्रीच्या कथेला शेवट असतो आणि म्हणून दुसऱ्या दिवशी पारावर बोलता येतं, की कालच्या पार्टीने बाणाई चांगली रंगवली पण म्हाळसेच्या तोंडची भांडणं उरकली. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून इथे येते, काळभैरवनाथाच्या देवळात उतरते, गाव पिठलं-भाकरी घालतं आणि रात्री कीर्तन होतं. त्या कीर्तनाचं निरूपण पुढच्या, वरवंडच्या मुक्कामावर ‘क्रमशः’ म्हणून ढकललेलं कोणी चालवून घेईल का? वारी अखंड असते, मुक्काम मात्र दर रात्रीचा पुरा असतो.

दुसरा आक्षेप धंद्याचा. रोजची मालिका रोजच्या जाहिरातीवर जगते. प्रेक्षकाला उद्या परत आणायचं तर आज गोष्ट तोडावीच लागते. आणि वाहिन्या ‘महाएपिसोड’ करतातच की, रविवारी तास-दोन तासांचा! हे सगळं मान्य. पण महाएपिसोड उत्तम म्हणून आधीच जाहीर होतो, पाहण्यापूर्वी. तो वाहिनीचा निकाल आहे, तुमचा नव्हे, आणि बहुतेक वेळा लग्न किंवा मरण यांची तारीख एवढाच त्याचा अर्थ असतो. टीआरपीचंही तसंच. किती घरांत टीव्ही त्या वाहिनीवर होता हे त्यातून कळतं, पण त्या घरातल्या म्हातारीने कपाळाला हात लावला की डोळ्याला पदर लावला, हे कळत नाही. स्टार ट्रेक आकड्यांत मार खाऊनच बंद पडली. पण त्याआधी १९६८ मध्ये ती बंद होण्याच्या बेतात असताना प्रेक्षकांनी पत्रांचा असा मारा केला की वाहिनीला मालिका चालू राहील असं पडद्यावरून जाहीर करावं लागलं. ही पत्रं लिहिणारे कोण? ज्यांना मालिका का आवडते हे सांगता येत होतं ते. धंदा म्हणून पाहिलं तरी, ‘विक्रम और बेताल’चे भाग सुटे होते म्हणून तोट्यात गेले असं कोणी म्हटलेलं नाही. आठवड्यातून एकदा, पुरी गोष्ट, ही पद्धत आमच्या दूरदर्शनला जमत होती.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा. हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, पोरं अभ्यास सोडून असल्या वादात वेळ घालवतात. त्यांना मी एक हकिकत सांगतो. साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसीने ‘डॉक्टर हू’च्या जुन्या फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले, कारण फीत महाग होती आणि मालिका पोरांची होती. नव्वदहून अधिक भागांची चित्रं अशी गेली. आवाज मात्र एकूण एक भागाचा आज ऐकायला मिळतो, कारण घरोघरच्या चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो भरून ठेवला होता. त्यांना कोणता भाग मोलाचा हे संस्थेआधी कळलं होतं. हरवलेली चित्रं परदेशांतल्या कपाटांतून शोधून काढण्याचा पिच्छाही या वाद घालणाऱ्यांनीच पुरवला. आमच्याकडे २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवल्या आणि वीस-तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी लोकांनी पडद्याशी ताडून पाहिल्या. काही भाग आठवणीपेक्षा थिटे निघाले, काही मोठे. ताडून पाहता आलं, कारण फिती राहिल्या होत्या.

तेव्हा मागणी कोणाकडे करायची? वाहिन्यांकडे करून पाहावी, पण त्या आकड्यांचं ऐकतात. मी ती तुमच्याकडे करतो. मालिका आवडली म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: कोणता भाग आणि का? त्याला सांगता आलं नाही तर दोष त्याचा की मालिकेचा, हेही ठरवा. वाचनालयाच्या कट्ट्यावर, कॉलेजात, गणपतीच्या मांडवात विज्ञानकथेचा एक-एक सुटा भाग दाखवून त्यावर अर्धा तास भांडायला परवानगी कोणाची लागत नाही. आणि भागांची निवड म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भुलेश्वर इथून दहाएक किलोमीटरवर, माळशिरसच्या डोंगरावर आहे. यादवकाळातल्या त्या देवळाच्या भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेले आहेत. भिंत मोजकी होती आणि कथा अफाट, म्हणून पाथरवटाला निवड करावी लागली. बहुतेक लोक स्त्रीरूपातला गणपती पाहून परत फिरतात. पुढच्या खेपेला जाल तेव्हा थोडा वेळ काढा, कोणते प्रसंग घेतले आहेत ते मोजा आणि कोणते घेतले नाहीत त्याची यादी करा. त्या यादीवरून आपण भांडू.